आकाशातला अग्नी आणि काटक्यांची शेकोटी

शास्त्रपाठ : लूक 9:51-56, प्रेषितांची कृत्ये 28:1-10, योहानाचे तिसरे पत्र





"तिकडची माणसं फार मोकळी हो!" "छे, त्या भागात कोणी दार उघडील तर शपथ!" अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत, आणि खरे सांगायचे तर बोललीही आहेत. मंडळीतील कोणी बदली होऊन परगावी गेला, कोणाची मुलगी लांब दिली, कोणी अधिवेशनाला जाऊन आला, की परतल्यावर पहिली साक्ष जेवणाची आणि दुसरी माणसांची. पाहुण्याला कोठे कसे वागवतात यावरून आपण प्रांताप्रांतांना गुण देत असतो, आणि पहिला नंबर बहुधा आपल्याच प्रांताला देतो.

आज या विषयाकडे देवाच्या वचनाच्या उजेडात पाहू या. परक्या माणसाशी गोडीने वागणे हा मातीचा गुण की मनाचा? आणि तो मातीचा असेल, तर ज्याची माती कोरडी त्याला प्रभू या बाबतीत सूट देईल काय?

माती तशी रीत

प्रांताप्रांतांत फरक आहे, हे आधी मान्य करू. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. आमचा मुलूख अवर्षणाचा. घरी आलेल्याच्या हाती प्रथम पाण्याचा तांब्या देतात, आणि ते पाणी किती लांबून आले आहे हे घरच्या बाईलाच ठाऊक असते. बोलणे मात्र थोडके. सेवेच्या निमित्ताने मी सौंसरला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गोंधळून गेलो. बसमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, "कुठले जी तुमी?" मग घरी कोण कोण, मुले किती, पगार काय. उतरताना म्हणाले, "या ना जी घरी, चहा घेऊन जा." मला तो माणूस फाजील चौकस वाटला. पुढे उमगले की या संत्र्या-कापसाच्या पट्ट्यात न विचारणे म्हणजे दखल न घेणे. आमच्याकडे जे काम पाण्याचा तांब्या करतो, ते येथे विचारपूस करते.

कोकणात जा. घरे वाडीत लांब लांब, मध्ये झाडी आणि चढ. आलेल्याला ओटीवर बसवतील, गूळपाणी देतील, पण आतल्या माजघरापर्यंत पोचायला वेळ लागतो. बोलणे तिरकस. मात्र निघताना तुमच्या पिशवीत दोन नारळ कधी पडले ते तुम्हांला कळत नाही. पुण्याच्या पाट्यांवर आणि दुपारच्या झोपेवर तर उभ्या महाराष्ट्राने विनोद केले आहेत.

आणि मुंबई? शेजारच्या बिऱ्हाडाचे नाव ठाऊक नसते असे आपण म्हणतो. पण तीच मुंबईची माणसे लोकल गाडीत तीन जणांच्या बाकावर सरकून चौथ्या अनोळखी माणसाला टेकायला जागा देतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या बंद झाल्या, माणसे कमरेइतक्या पाण्यातून चालत निघाली. त्या रात्री ज्यांना आपण 'दार बंद' म्हणतो त्यांनी दारे उघडली. चहा, बिस्किटे, कोरडे कपडे आणि निजायला जागा दिली. नाव विचारले नाही, गाव विचारले नाही.

यामागे कारणे आहेत. ज्या गावी वाट क्वचितच कोणाला आणते, तेथे परका माणूस म्हणजे आनंदाची बातमी. जेथे रोज हजारो अनोळखी चेहरे अंगावरून जातात, तेथे प्रत्येकाला थांबवून विचारणे जमणार कसे? जेथे चोरीची, फसवणुकीची आठवण ताजी आहे तेथे दार फटीपुरतेच उघडते. म्हणून रीतीवरून हृदयाचा न्याय करू नये. गोड बोलणारा प्रांत प्रेमळच असतो असे नाही, आणि थोडके बोलणारा कोरडाच असतो असेही नाही.

या सौंसरच्या विचारपुशीतही एक गोष्ट दडलेली असते, ती झाकून ठेवणे बरे नाही. "कुठले?" यानंतर कधी कधी "कोणाचे?" असा प्रश्न येतो, आणि त्याचा अर्थ "तुमची जात कोणती?" एवढाच असतो. उत्तर मिळताच विचारणाऱ्याचा चेहरा उजळतो किंवा आवळतो. एकच प्रश्न कधी दार होतो, कधी भिंत.

रेघेवरची माणसे

आपल्या या भागाला परकेपणाविषयी बोलण्याचा विशेष अधिकार आहे. छिंदवाडा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळ झाली. सौंसर आणि पांढुर्णा तेथेच होते, घरची बोली मराठीच होती, पण रेघ घरामागून गेली. नागपूरच्या बाजूला दिलेली मुलगी दुसऱ्या राज्यातली झाली. 2023 साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, पण रेघ आहे तेथेच आहे. मराठीच्या प्रांतात आपल्याला हिंदीकडचे समजतात आणि हिंदीच्या प्रांतात मराठीकडचे. दोन्हीकडे थोडे थोडे परके असणे म्हणजे काय, हे येथील माणसाला शिकवावे लागत नाही.

आणि ज्यांना हे ठाऊक आहे, त्यांनी परक्याला ओळखण्यात सर्वांच्या पुढे असावे की नाही? छोटी गाडी होती तेव्हाची आठवण वडीलधारी माणसे सांगतात. नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रुळांची गाडी 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि पुढे तेथे रुंद रूळ आले. ती जुनी गाडी इतकी सावकाश चालायची, की सौंसरपर्यंत समोरासमोर बसलेल्यांच्या शिदोऱ्या एकमेकांत मिसळून जायच्या. जाम सावळीच्या मारुतीला दूरदूरचे यात्रेकरू येतात. त्यांना वाट दाखवणे, पाणी देणे येथील लोकांच्या अंगवळणी पडले आहे. हे सगळे चांगले आहे, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानू या.

पण येथून जवळच पांढुर्ण्यात दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय होते, तेही आपण जाणतो. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. गोटमारीत आजवर अनेकांची डोकी फुटली आहेत आणि माणसे प्राणासही मुकली आहेत. त्या प्रथेचा न्याय करायला मी येथे उभा नाही. मला त्यातून एवढेच दिसते, की दगड उचलायला समोरचा माणूस परदेशी असावा लागत नाही. रोज ज्याच्या दुकानातून मीठ घ्यायचे तोही पलीकडच्या काठाचा आहे एवढे पुरते. परकेपणा अंतराने मोजता येत नाही. तो मनात असतो, आणि आपापल्या मनातली नदी ज्याची त्याला ठाऊक असते.

शिष्यांनी मागितलेला अग्नी

आता लूकच्या नवव्या अध्यायाकडे येऊ. प्रभू येशू यरुशलेमेकडे निघाला आहे. वाट शोमरोनातून जाते. मुक्कामाची सोय करायला त्याने माणसे पुढे पाठविली, पण त्या शोमरोनी गावाने त्याला उतरू दिले नाही. कारण लूक स्पष्ट सांगतो : त्याचे तोंड यरुशलेमेकडे होते. म्हणजे तो कोण आहे, काय शिकवतो, हे त्यांनी पाहिले नाही. तो कोठल्या बाजूचा आहे एवढेच पाहिले. तेथेही एक रेघ होती, आणि ती आपल्या रेघेहून फार जुनी होती.

याकोब आणि योहान संतापले. आकाशातून अग्नी पडावा आणि हे गाव भस्म व्हावे अशी आज्ञा आम्ही करावी काय, असे त्यांनी प्रभूला विचारले. त्यांच्यापाशी शास्त्राधारही होता. एलीयाने तसे केले होते. पहा, आपला राग किती लवकर शास्त्रवचन शोधतो! प्रभूने वळून त्यांनाच धमकावले आणि सर्व जण दुसऱ्या गावी गेले. ज्याला डोके टेकायला जागा नव्हती, त्याने दार लावून घेणाऱ्यांना शाप दिला नाही.

याच्या पुढच्याच अध्यायात प्रभू एक दाखला सांगतो. वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेला माणूस. याजक बाजूने गेला, लेवी बाजूने गेला. थांबला तो शोमरोनी. ज्या प्रांताच्या एका गावाने दार लावले, त्याच प्रांताच्या माणसाला प्रभूने प्रेमाचा नमुना म्हणून उभे केले. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात त्याच शोमरोनातल्या सूखार गावच्या लोकांनी येशूला राहण्याचा आग्रह केला व तो तेथे दोन दिवस राहिला. प्रांत एकच, पण एका गावात दार बंद, दुसऱ्या गावात दोन दिवसांचा पाहुणचार. मग "शोमरोनी लोक असेच" या वाक्यात काय अर्थ उरला? आणि "त्या भागातले लोक असेच" या आपल्या वाक्यात तरी काय अर्थ आहे?

परदेशीयांनी पेटविलेला अग्नी

दुसरा अग्नी प्रेषितांच्या कृत्यांच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. वादळात तारू फुटले, आणि दोनशे शहात्तर माणसे पोहत, फळ्यांना धरून एका बेटावर लागली. ते बेट मिलिता, म्हणजे आजचे माल्टा. तेथील लोकांना लूक 'बर्बर' म्हणतो. ग्रीक बोलणारे लोक ज्यांना आपली भाषा येत नाही त्यांना याच नावाने ओळखत. पण लगेच लूक सांगतो की त्यांनी आम्हांवर असाधारण उपकार केले. मूळ ग्रीकमध्ये त्याने वापरलेल्या शब्दाचा सरळ अर्थ 'मनुष्यावरचे प्रेम' असा होतो. पाऊस पडत होता, थंडी होती. त्यांनी शेकोटी पेटविली आणि सर्वांना जवळ घेतले.

शेकोटी आधी पेटली. चौकशी नंतर झाली. मग साप पौलाच्या हाताला डसला तेव्हा हा खुनी असावा असे त्यांना वाटले, आणि त्याला काही झाले नाही तेव्हा हा देवच आहे असे वाटले. दोन्ही वेळा ते चुकले. परक्याविषयी त्यांचे ज्ञान चुकीचे होते, पण त्यांची शेकोटी चुकीची नव्हती. आपले पुष्कळदा उलटे असते. आपले सिद्धान्त बिनचूक असतात आणि चूल थंड असते.

पौलही नुसता शेकत बसला नाही. त्याने स्वतः काटक्या गोळा करून विस्तवावर घातल्या. पाहुणाही त्या शेकोटीचा वाटेकरी झाला. तीन महिन्यांनी सर्व जण निघाले तेव्हा त्या लोकांनी लागेल ते सामान तारवावर ठेवले. नगरात दिलेला पाण्याचा तांब्या, सौंसरची विचारपूस, कोकणातले दोन नारळ, मुंबईतली चौथी जागा : रीत निराळी, पण काटकी त्याच शेकोटीत पडते.

तर असे हे दोन अग्नी. एक शिष्यांनी मागितला आणि प्रभूने नाकारला. दुसरा प्रभूचे नावही न ऐकलेल्यांनी पेटविला, आणि पवित्र आत्म्याने तो शास्त्रात नोंदवून ठेवला.

माझी कबुली

आता एक गोष्ट सांगतो. मंडळीचे नाव सांगत नाही, कारण दोष प्रथम माझा आहे.

डिसेंबरचा रविवार होता. संत्र्याच्या तोडणीचे दिवस. डोंगराकडून पुष्कळ मजूर बायका-मुलांसह येतात, त्यांतली एक बाई दोन मुलांना घेऊन उपासनेला आली. उशिरा आली आणि चपला काढतात तेथे, अगदी मागे बसली. त्या दिवशी नागपूरहून पाहुणे आले होते. उपासनेनंतर हार झाले, फोटो झाले, चहा झाला. ती बाई फाटकाशी उभी होती. मला वाटले, वडिलांपैकी कोणी विचारील. वडिलांना वाटले, पाळकसाहेब विचारतील. जाता जाता मी लांबूनच हिंदीत विचारले, "कहाँ से आए?" तिने गावाचे नाव सांगितले. मी "अच्छा, अच्छा" म्हणालो आणि पाहुण्यांकडे वळलो. थोड्या वेळाने पाहिले तर ती निघून गेली होती.

संध्याकाळी एका घरची प्रार्थना आटोपून परतत होतो. रस्त्याच्या कडेला ट्रक भरतात तेथे हमालांनी आणि ड्रायव्हर लोकांनी शेकोटी केली होती. तेथे ती बाई बसली होती. धाकट्या मुलाच्या अंगावर कोणाचे तरी जाड ब्लँकेट होते. पोर तापाने फणफणले होते. मजुरी दुसऱ्या दिवशी मिळणार होती. एका हमालाने मला सांगितले, "बिचारी सकाळी चर्चमधी गेली होती जी. कोणी दवाखान्यात ओळखीचं भेटन म्हने." त्यांनी आपसांत पैसे काढून औषध आणवले होते, आणि तिला व थोरल्याला भाकर दिली होती.

मी उभाच होतो. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांतला एक जण सरकला आणि म्हणाला, "बसा ना जी, थंडी हाय." मी बसलो. बाईने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली केली. तिने मला ओळखले होते, पण ती काही बोलली नाही. इतक्या वर्षांच्या सेवेत एवढा कठीण उपदेश मी ऐकला नव्हता, आणि त्यात एकही शब्द नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. मूल बरे झाले. पण त्यामुळे माझा आदला दिवस बरा झाला नाही. मी परका होतो तेव्हा मला आश्रय दिला नाही, असे जो शेवटल्या दिवशी म्हणणार आहे, तो त्या रविवारी चपलांजवळ बसला होता.

परक्याचे हृदय

मग हृदय बदलते कशाने? निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देव इस्राएलास सांगतो की परक्याला छळू नका, कारण परक्याचे हृदय तुम्ही जाणता. मिसर देशात तुम्हीही परके होता. देव केवळ आज्ञा देत नाही, तो आठवण देतो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण मुलांना शिकवतो. 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, आणि भावाबरोबर त्या उपाशी, अनवाणी देशभर भटकल्या. पुढे 1896-97 मध्ये आपल्या याच मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई पुण्याहून येथे आल्या आणि शेकडो उपाशी मुली व स्त्रिया यांना घेऊन गेल्या. त्या मुली त्यांच्या प्रांताच्या नव्हत्या, त्यांच्या जातीच्या नव्हत्या, त्यांची बोलीही निराळी होती. केडगावचे मुक्तिसदन अशा परक्यांनी उभे राहिले. रमाबाईंना त्या मुलींचे हृदय कोणी समजावून सांगावे लागले नाही. तो रस्ता त्या स्वतः अनवाणी चालल्या होत्या.

आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक? ते नागपूरहून राजनांदगावला गाडीने चालले होते. डब्यात एक अनोळखी युरोपियन प्रवासी होता. त्याने आदराने वागवले, जागा दिली, संस्कृत काव्याविषयी गोष्टी केल्या आणि निरोप घेताना नवा करार हाती ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आज मराठी मंडळ्या ज्यांची भजने गातात, त्यांच्या आयुष्याचे वळण अशा एका सहप्रवासापासून सुरू झाले. त्या प्रवाशाने त्या दिवशी काही मोठे केले असे त्याला स्वतःलाही वाटले नसेल. त्याने एक काटकी विस्तवावर घातली, एवढेच.

मंडळ्यांमध्येही प्रांत असतात, हे विसरू नका. नगरला अमेरिकन मिशन, नागपूरला स्कॉटिश मिशन, छिंदवाड्याला स्वीडिश मिशन. ज्याने जेथे पेरले तेथे तशी चाल, तशी उपासना. अनेक वर्षे एका मिशनचा माणूस दुसऱ्या मिशनच्या चर्चमध्ये परकाच वाटे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी शेजारच्या नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. ती मोठी गोष्ट झाली. पण कागदावर एक झालेल्या मंडळीत मागच्या बाकावरचा नवा माणूस अजून परकाच असेल, तर ते ऐक्य अर्धेच म्हणावे लागेल.

योहानाचे काय झाले?

ज्याने गाव जाळायला अग्नी मागितला, तो योहान पुढे कोठे दिसतो? कृत्यांच्या आठव्या अध्यायात पेत्राबरोबर तो शोमरोनात गेला आणि तेथल्या विश्वासणाऱ्यांवर हात ठेवून त्याने प्रार्थना केली. त्यांच्यावर पवित्र आत्मा उतरला. ज्या प्रांतावर त्याने अग्नी मागितला होता, त्या प्रांतावर त्याच्या हातून आशीर्वाद गेला. परतताना ते शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत शुभवर्तमान सांगत गेले.

आणि तिसऱ्या पत्रात, जे मंडळीची परंपरा याच योहानाचे मानते, तो म्हातारा शिष्य गायस नावाच्या बंधूची वाखाणणी करतो. कशासाठी? अनोळखी बंधूंशी तो विश्वासूपणे वागला म्हणून. त्याच पत्रात दियत्रफेसाचाही उल्लेख आहे. त्याला पुढारपणाची हौस होती. तो आलेल्यांना स्वतः घेत नसे, आणि जे घेऊ पाहत त्यांना मंडळीबाहेर काढी. गायस आणि दियत्रफेस एकाच भागातले. मातीत फरक नव्हता. म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे : रीत मातीची असते, प्रेम मनाचे असते, आणि ते मन प्रभू घडवतो. "आमच्याकडे तशी पद्धत नाही," हे उत्तर त्याच्यापुढे चालणार नाही. आणि "आम्ही तर फार मोकळे," ही फुशारकीही चालणार नाही. ती फाटकाशी उभी असलेली बाई मोकळ्या लोकांच्याच गावात उभी होती.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत परका आणि पाहुणा या दोहोंसाठी एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत. परका उंबऱ्याच्या बाहेर, पाहुणा आत. मधले अंतर एका पावलाचे, पण ते पाऊल घरच्या माणसाने पुढे येऊन टाकायचे असते.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ मुलांना देताना एक रेघ जमिनीवर खडूने काढा. अर्धी मुले इकडे, अर्धी तिकडे. इकडच्यांनी तिकडच्यांविषयी 'ते असे असतात' असे एक वाक्य बोलावे, मग तिकडच्यांनी. हसू होईल, होऊ द्या. मग लूक 9 मधली गोष्ट सांगा आणि विचारा : त्या गावात एक तरी मूल असेल ना? अग्नी पडला असता तर त्याचे काय झाले असते? नंतर मिलिताची गोष्ट सांगा, आणि रेघेवर मध्यभागी प्रत्येकाने एकेक काटकी आणून ठेवावी. मोठ्या मुलांना विचारा : आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत, तोडणीच्या दिवसांत आपल्या शाळेबाहेर, कोण नवे आले आहे? त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय? पुढच्या रविवारी प्रत्येकाने एक नाव आणावे. नाव कळले की अर्धे परकेपण गेले.

मोठ्यांसाठीही एक सूचना. उपासना संपताच ओळखीच्यांकडे वळण्याआधी मागच्या बाकाकडे पहा. तेथे नवे कोणी असेल तर "दुसरा कोणी विचारील" असे म्हणू नका. मी तसेच म्हणालो होतो.

प्रार्थना

हे प्रभू, तुला गावाने दार लावले तेव्हा तू गावाला शाप दिला नाहीस. आम्ही तुला कितीदा दार लावले ते तू जाणतोस. आमच्या ओठांवरचा आकाशातला अग्नी विझव, आणि आमच्या हातांना काटक्या वेचायला शिकव. नगरच्या, कोकणच्या, वऱ्हाडच्या, सौंसरच्या आमच्या रीती तू पवित्र कर. फाटकाशी जो उभा आहे त्याचे हृदय आम्हांला कळू दे, कारण आम्हीही परके होतो आणि तू आम्हांला आत घेतलेस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.